मागच्या पडवीचा कौल

वादळानं आमच्या घराचं काय नेलं असं कुणी विचारलं, की मी आधी काय ठेवलं ते सांगते. माजघरावर माड पडला आणि आढं मधोमध मोडलं. ओसरीची कौलं उडून शेजारच्या परड्यात जाऊन पडली. स्वयंपाकघराची एक भिंत बाहेरच्या अंगाला आडवी झाली. राहिली ती मागची पडवी. अख्ख्या घरात सगळ्यात ओबडधोबड, उरल्यासुरल्या चिऱ्यांची, एकाच बाजूला उतरतं छप्पर असलेली माझी खोली. तिचं एक कौल जागचं हललं नाही.

पडवी म्हणायचं एवढंच. वीसेक वर्षं ते माझं घर आहे. लग्न करून गेले, पण ते टिकलं नाही. का आणि कसं, ते इथं सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुष्कळ चघळून झालंय. मी परत आले तेव्हा वडील होते. विहीर बांधून चिरे उरले होते, त्यातून त्यांनी घराच्या पाठीला ही खोली काढली, कोपऱ्यात चूल घातली आणि म्हणाले, "हय रव. कोणाच्या तोंडाकडे बघूची गरज नाय." मी तिथं शिलाई मशीन टाकलं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि शाळेचे सगळे गणवेश त्या पडवीतून गेलेत. कोण किती जाड झाली हे डॉक्टरच्या आधी मला कळतं.

बाकीचं घर भावाचं. तो माझ्याहून धाकटा. त्याची बायको कामाला वाघीण आणि बोलायला महाकंजूष. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईत नोकरीला. भाऊ, भावजय, भाचा आणि मी, एवढीच आम्ही माणसं.

वादळ येणार हे मोबाइल आधीपासून बोंबलून सांगत होते. आम्ही ऐकलं, किनाऱ्यावर वर ओढलेल्या होड्या बघितल्या आणि आंब्याच्या पेट्या आत घेतल्या. "दर वर्षी येता नि गुजरातेक जाता," भाऊ म्हणाला. ह्या वेळी गुजरातेत जाता जाता ते आमच्या खळ्यातून, दारापुढच्या अंगणातून गेलं. दुपारी माड कमरेतून वाकायला लागले तेव्हा भावानं आम्हा दोघींना पडवीत ढकललं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसला. थोड्या वेळानं मोठा आवाज झाला, जमीन हादरली. भावजयीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "गेला." घर गेलं, तर तेवढा एकच शब्द.

पंचनाम्याला साहेब आले. भाऊ घरात शुद्ध मालवणी, पण सरकारी माणूस दिसला की त्याची जीभ इस्त्रीचा शर्ट घालते. "सदर माड सदर छपरावर पडलेला आहे, साहेब," तो म्हणाला. माड तिथंच आडवा होता, साहेबांना चांगला दिसत होता. मी पदर तोंडात कोंबून हसले. घर पडलंय आणि ही हसते, असं भावजयीला वाटलं असणार. मदत यथावकाश मिळाली. पाऊस मात्र यथावकाश येणार नव्हता, तो अगदी तोंडावर आला होता.

जिल्हाभर छपरं उडालेली. कुडाळचे गवंडी, मालवणचे सुतार, कुणी फोन उचलेना. शेवटी आमच्याच वाडीतल्या गवंड्यानं सगळ्यांना देवळासमोर बसवलं. हा भावाच्या वर्गातला, उभा-आडवा धिप्पाड माणूस, आवाज मात्र पोरीसारखा बारीक. तो म्हणाला, "भायरच्या माणसांची वाट बघीत रवलो तर भिजान मरतलो. आपले हात आसत मा? तेच चालवया." ठरलं ते असं. प्रत्येक घरातून एक माणूस रोज कामाला यायचं. सगळ्यांनी मिळून एकेक घर झाकत जायचं. ज्या घरात तान्हं मूल किंवा अंथरुणावरचं माणूस, ते घर आधी. ज्याच्याकडे काम असेल त्यानं सकाळची पेज आणि दुपारचं जेवण घालायचं.

भांडणं झाली नाहीत असं मुळीच नाही. पालखीत ज्यांचा मान पहिला त्यांना वाटलं, छपरातही आपलाच पहिला. एका घरी माशाचं सार पातळ होतं म्हणून दुसऱ्या दिवशी तिथं माणसं उशिरा गेली. पण कामं झाली. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात कौलं वर द्यायच्या. माझ्या कमरेला ते झेपत नाही, म्हणून मी मशीनवर ताडपत्र्या शिवल्या. मालवणच्या बाजारात जेवढ्या मिळाल्या तेवढ्या फाटक्या-तुटक्या आणलेल्या, त्या जोडून एकेका घराच्या मापाच्या केल्या. सुया मोडल्या, बोटं सोलली, आणि वर "बाय, हिका जरा झालर लाव," असं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "तुझ्या तोंडाक लावतंय झालर, इकडे ये."

आमची पाळी मागे गेली. तुमची पडवी उभी आहे, तुम्हाला राहायला जागा आहे, असं गवंडी म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मोडक्या घरावर नुसती ताडपत्री ओढली आणि अख्खा पावसाळा आम्ही तिघं माझ्या खोलीत राहिलो. तांदळाची पोती, भांडी, गॅसची शेगडी, मशीन आणि तीन माणसं. भाऊ मशीनखाली पाय घालून झोपायचा. कूस बदलली की त्याचा पाय पायट्याला लागून मशीन घरघर चालू व्हायचं, आणि भावजय झोपेतच त्याला ढोसायची. अडचण होती, ओल होती, कपडे वाळत नव्हते. पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या घरामागे राहत होते, आता ती दोघं माझ्या घरात राहत होती. भाजीत मीठ किती घालायचं ते मी ठरवत होते.

दिवाळी झाली, जमीन वाळली आणि आमचं काम निघालं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. वाडीतले म्हातारे गावकर, देवाकडचे मानकरी, खळ्यात नारळ घेऊन उभे राहिले. मागे गवंडी, सुतार, चिरे वाहायला आलेल्या बायका, सगळे हात जोडून. गावकरांनी भावाला विचारलं, "खंयपासून खंयपर्यंत घालू?" भाऊ म्हणाला, "पुढच्या खळ्यापासून मागच्या पडवीपर्यंत." गावकरांनी डोळे मिटून सुरू केलं, की बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी घराचं काम हाती घेतलं आहे, पुढच्या खळ्यापासून मागच्या पडवीपर्यंत जे काय आहे ते तुझ्या नजरेखाली ठेव, राखण कर. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

मोडकं काढलं, जुनं जोतं साफ झालं, चिऱ्यांच्या गाड्या येऊन पडल्या. एका सकाळी मी पेजेचं तपेलं घेऊन बाहेर आले, तर गवंडी दोरी ताणून आखणी करत होता. दोरी स्वयंपाकघराच्या मागून निघाली आणि सरळ माझ्या दाराच्या मधून गेली.

"ही दोरी खंय चल्ली?" मी विचारलं.

गवंडी वर आंब्याकडे बघायला लागला. नोव्हेंबरात आंब्यावर बघण्यासारखं काही नसतं. बायका टोपल्या उगाच झटकायला लागल्या. तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला एकटीला नाही.

ठरवलं होतं भाच्यानं. घराला पैसे तोच घालत होता. मुंबईहून त्यानं मोबाइलवर नकाशा पाठवला होता. मागच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या, त्यांना लागून न्हाणीघरं आणि संडास. हल्ली सगळे तेच करतात, आणि त्यात वाईट काही नाही. पडवी त्याच्या आड येत होती. मी त्यालाच फोन लावला.

"आत्या, तू हॉलमध्ये झोप ना," तो म्हणाला. "पंखा असेल, टीव्ही असेल. तुझीच सोय बघतोय मी."

"आणि माझा मशीन?"

"मशीनचं... बघू ना काहीतरी."

पोरगं वाईट नाही. त्याचे गणवेश मीच शिवलेत. पण ते 'बघू' माझ्या काळजात गेलं. बघू म्हणजे काय ते परत आलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मी सासरहून आले तेव्हाही नातेवाईक हेच म्हणाले होते, तिचं पुढं काय ते बघू. हॉलमध्ये झोपायचं म्हणजे पर्यटक उठले की उठायचं, पाहुणे बसले की आत सरकायचं. माझी चूल नाही, दार नाही, दाराला कडी नाही. कायद्यानं मुलीलाही वाटा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. मला वाटा नको होता. वडील गेल्यावर ह्या घरात माझी जागा आहे, हे भावानं एकदा तोंडानं म्हणायला हवं होतं.

भाऊ परसात नारळ सोलत होता. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"बाय, झिलाचा म्हणणा असा आसा..." त्यानं मुलाला पुढे करून सुरुवात केली.

"झिलाचा माका सांगू नको. तू काय म्हणतंस?"

त्यानं सोललेला नारळ फिरवून फिरवून बघितला. मग उठला आणि पंपाचं बटण बंद करायला गेला. पंप बंदच होता.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पेज सगळ्या कामगारांना आधी, त्याला शेवटी, तळातली. भावजय माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची आणि पुन्हा भांडी घासायला बसायची. एकदा म्हणाली, "मी काय करू, बाय?" मी म्हटलं, "काय करू नको, तुका सवय आसा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही. त्या दिवसांत मी कुणाचीच मागणार नव्हते.

पडवी पाडायचा दिवस आला. मी मशीन बाहेर काढलं नाही. आत स्टुलावर बसून एका बाईच्या ब्लाउजला काजं करत राहिले. पाडायचीच असेल तर माझ्यासकट पाडा, असं मनाशी धरलं होतं. बाहेर गवंडी, दोन गडी आणि पहारी. भाऊ त्यांच्यामागे, हाताची घडी घालून. पहारीचा आवाज काही येईना. मी दारात आले.

गवंडी भावाला त्याच्या बारीक आवाजात सांगत होता, "रे, माका काय बरा दिसणा नाय. गाऱ्हाण्यात पडवी घातली हा. मागच्या पडवीपर्यंत राखण कर म्हणान देवाक सांगितला, सगळ्यांनी व्हय म्हटला. आता तीच मी पाडू? उद्या माझो हात मोडलो तर?"

गडी लगेच मागे सरले. चिरे वाहणाऱ्या बायका पुढे आल्या. त्यांतली एक म्हणाली, "देवाक एक सांगायचा नि दुसरा करायचा, ह्या बरा नाय." शहरातला ठेकेदार आणला असता तर पडवी तासाभरात आडवी झाली असती. पण ही आमचीच माणसं. त्यांनीही ते "व्हय" म्हटलं होतं आणि त्यांना ते परत घेता येत नव्हतं.

भाऊ म्हणाला, "बरा. देवाकच विचारूया. कौल लावया."

मला आश्चर्य वाटलं. आमच्याकडे लोक म्हैस विकण्याआधी कौल लावतात, पण ह्या माणसानं जन्मात कधी देवाला काही विचारलं नव्हतं. आणि मग राग आला. माझ्या खोलीचं काय करायचं ते भाच्याला विचारून झालं, गवंड्याला विचारून झालं, आता देवाला विचारणार. मला सोडून सगळ्या जगाला विचारणार.

तरी मी देवळात गेले. न जाऊन करते काय? खांबाला टेकून बसले. गुरवानं देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या. वाऱ्यानं पडली असं कुणी म्हणायला नको म्हणून पंखा बंद करायला लावला. मग गाभाऱ्यातून मोठ्यानं विचारलं, पडवी मोडायची परवानगी असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. भाऊ समोर हात जोडून उभा होता. त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल, आणि मोबाइलवर मुंबईहून भाचा ऐकत होता.

पाकळ्या काही पडेनात. उकाड्यानं घामाच्या धारा लागलेल्या. गुरव पुन्हा विनवत होता, देवा, लेकरांना ताटकळत ठेवू नको. उजवीकडची पाकळी सुटल्यासारखी खाली वळली आणि मी खांब सोडून पुढे सरकले. मी देवाला काही मागितलं नाही, रागच इतका होता. नुसती त्या पाकळीकडे बघत राहिले. ती तशीच लोंबत राहिली आणि डावीकडची टपकन पडली.

"नको म्हणता देव," गुरव म्हणाला. खिशातून भाच्याचा आवाज आला, "ठीक आहे, बाबा. मग देवाच्या पुढे कोण जाणार?" मुंबईत राहिला तरी पोरगा इथलाच. न्हाणीघरं पूर्वेच्या अंगाला सरकली. पाइप लांब घ्यावा लागला, एवढंच.

मग काम जोरात चाललं. वाडीतली बाकी सगळी घरं उभी राहिली होती, तरी आमची पाळी कुणी चुकवली नाही. वादळात पडलेल्या फणसाचं सुतारानं आढं केलं. भिंती चढल्या, वासे बसले, रिपा मारल्या. पूर्वेकडे पर्यटकांच्या खोल्या निघाल्या. भावजयीला ओटा मिळाला आणि त्या आनंदात ती एकदा सलग तीन वाक्यं बोलली. जो भेटेल तो मला म्हणायचा, "बाय, देव पावलो गो तुका." मी हो म्हणायची. आतून मात्र जळत होते. खोली राहिली, पण ती देवानं ठेवली, भावानं नाही. पाकळी दुसऱ्या बाजूला पडली असती तर मी हॉलमध्ये असते. आणि उद्या कुणाच्या मनात आलं आणि पुन्हा कौल लावला, तर? असं जीव मुठीत धरून किती दिवस राहायचं? नव्या घराचं छप्पर चढत होतं आणि मी मनात सामान बांधत होते. कुडाळला एका बाईनं शिवणाच्या दुकानात मागची खोली देऊ केली होती. तिला होकार कळवायचा, एवढंच उरलं होतं.

सगळ्यात शेवटी नव्या छपराला पडवीचं छप्पर जोडायचं होतं. दुपारी कामाची माणसं जेवायला बसली तेव्हा भाऊ एकटाच शिडीवर चढला. खालून कौलं द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. कमरेला म्हटलं, आजचा दिवस सोस. मी एकेक कौल वर देत होते आणि तो बसवत होता. मला राहवेना. जायचंच आहे तर विचारून जाऊ, असं वाटलं.

"एक विचारू?" मी म्हटलं. कित्येक महिन्यांत मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"इचार."

"देवान उजवी दिल्यान असती, तर पडवी पाडलं असतंस?"

तो कौल हातात धरून थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला माझ्याकडे बघून बोलता येत नाही, लहानपणापासूनच.

"नाय," तो म्हणाला.

"मगे झिलाक काय सांगतलंस?"

"काय सांगतलंय? दुसऱ्या देवळात गेलो असतंय," तो म्हणाला. "तेना नाय आयकला तर तिसऱ्या. गावात देवळां काय कमी आसत?"